नाव लागले म्हणजे काम झाले का?

(शेतकऱ्यांसाठी ‘नोंदणी’ या शब्दाचा एक पाठ)



जुलै महिन्यात गावच्या पारावर कोणालाही विचारा, “पीक विम्याचे झाले का?” उत्तर ठरलेले असते, “हो, ऑनलाईन केले आहे.” मग पुढे विचारावे, कोणत्या पिकाचे केले? किती क्षेत्राचे? कोणत्या गटाचे? पावती कोठे आहे? यावर पुष्कळदा उत्तर येते, “ते सेंटरवाल्याला माहीत.”

पेरणी करताना आपण बियाण्याचे वाण, किलो आणि ओळीतील अंतर तोंडपाठ सांगतो. परंतु नोंदणीच्या बाबतीत मात्र ‘नाव लागले, काम झाले’ एवढ्यावरच थांबतो. हंगाम बिघडला, माल विकायचा झाला किंवा घरातील कर्ता माणूस गेला म्हणजे कळते की नाव कोठेतरी लागले होते, पण जेथे लागायला हवे तेथे नव्हते. म्हणून ‘नोंदणी’ हा रोजच्या वापरातील शब्द या पाठात नीट समजून घेऊ.

शब्दाचा अर्थ

मराठीत या कुळातील अनेक शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांतील फरक खालीलप्रमाणे आहे.

१) नोंद : वहीत किंवा संगणकात लिहिलेली एक ओळ. उदा. सातबारावरील पिकाची नोंद.

२) नोंदणी : ती ओळ लिहिण्याची रीतसर क्रिया. जमिनीच्या खरेदीखताची दुय्यम निबंधक कार्यालयात होते ती दस्त नोंदणी. येथे नोंद कागदाची होते.

३) नावनोंदणी : माणसाचे नाव एखाद्या यादीत घेणे आणि त्यायोगे त्याला त्या गटात सामील करणे. इंग्रजीत ‘एनरोलमेंट’ म्हणतात ते हेच. ‘रोल’ म्हणजे गुंडाळी. पूर्वी नावांच्या याद्या गुंडाळ्यांवर लिहीत, त्यावरून हा शब्द आला. शाळेतला ‘रोल नंबर’ त्याच घरचा. आपल्याकडे त्याला ‘पट’ म्हणतात. मुलाचे नाव पटावर घेतले, म्हणजे त्याची नावनोंदणी झाली.

४) पात्रता : यादीत नाव असलेल्या माणसाला लाभ मिळण्याचा हक्क आहे किंवा नाही, हे तपासून ठरणे.

पहिल्या तीन गोष्टी झाल्या म्हणून चौथी आपोआप होत नाही. आपले नुकसान होते ते नेमके याच जागी.

शाळेचेच उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यभरातील शाळांची एकाच वेळी पटपडताळणी केली. पटावर नावे आहेत, पण वर्गात मुले नाहीत, असा प्रकार अनेक शाळांत उघडकीस आला. पटावरचे नाव आणि वर्गातले मूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वेळी साऱ्या राज्याने पाहिले. शेतीच्या नोंदींचेही तसेच आहे. कागदावर पीक आहे आणि शेतात नाही, किंवा शेतात पीक आहे आणि कागदावर नाही, या दोन्ही स्थितींत शेवटी अडचण शेतकऱ्यालाच येते.

आधारच्या पावतीवरून धडा

‘एनरोलमेंट’ हा शब्द खेड्यापाड्यांत रूढ झाला तो आधारमुळे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली या गावी देण्यात आले. त्यानंतर गावोगावी केंद्रे लागली. बोटांचे ठसे व डोळ्यांचे छायाचित्र घेतल्यावर हातात एक पोचपावती मिळे. त्या पावतीवर १४ अंकी नोंदणी क्रमांक आणि पुढे दिनांक व वेळ छापलेली असते. प्रत्यक्ष आधार क्रमांक मात्र १२ अंकी असतो आणि तो तपासणी झाल्यावरच मिळतो.

पुष्कळांनी त्या काळी पोचपावतीलाच आधार समजून जपून ठेवले. काहींची नोंदणी तपासणीत नाकारली गेली आणि पुन्हा केंद्रावर जावे लागले. या उदाहरणात सर्व नोंदणींचे मर्म आहे. अर्ज देणे ही पहिली पायरी, पोच मिळणे ही दुसरी, तपासणी ही तिसरी आणि मंजुरी ही चौथी. आपण बहुधा दुसऱ्या पायरीवरून घरी परततो.

नोंदणी तपासण्याचे चार प्रश्न

कोणतीही नोंदणी केली की पुढील चार प्रश्न स्वतःला विचारावेत.

१) कोणत्या पटावर? नाव नेमके कोणत्या यादीत, कोणत्या कार्यालयात लागले?

२) काय म्हणून? मालक, कूळ, वारस, कर्जदार, सभासद की केवळ अर्जदार?

३) कशासाठी आणि कितीसाठी? कोणते पीक, कोणता गट, किती क्षेत्र?

४) कुठवर? ही नोंद एका हंगामाची, एका वर्षाची की कायमची?

आता हे प्रश्न शेतीतील नेहमीच्या नोंदींना लावून पाहू.

जमिनीची नोंद : दस्त आणि फेरफार

जमीन खरेदी केली की दोन ठिकाणी नोंद होते. पहिली दस्ताची, नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे. १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेचे खरेदीखत नोंदविणे बंधनकारक आहे. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी हजर करावा लागतो. साध्या कागदावरील किंवा नुसत्या मुद्रांकावरील लिखाणाने जमिनीची मालकी येत नाही.

दुसरी नोंद फेरफाराची, गाव नमुना ६ मध्ये. फेरफार लिहिला गेला म्हणजे लगेच सातबारा बदलत नाही. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये जाते. म्हणून ‘फेर धरला’ एवढ्यावर समाधान मानू नये. ‘फेर मंजूर झाला का?’ हे विचारावे आणि नवा सातबारा हातात घेऊन पाहावा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फेरफार नोंद मुख्यतः महसुलासाठी असते. केवळ तिच्यामुळे मालकी मिळत नाही किंवा जातही नाही, असे न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे. परंतु उलट सिद्ध होईपर्यंत अधिकार अभिलेखातील नोंद खरी मानली जाते. त्यामुळे चुकीची नोंद तशीच राहू देणे धोक्याचे आहे.

वारस नोंद : सर्वांत जास्त टाळली जाणारी नोंद

वडील वारले, दिवसकार्य झाले, मुलाने औत धरले. सातबारावर मात्र वर्षानुवर्षे वडिलांचेच नाव. घरात भांडण नाही, मग घाई कशाला, असे वाटते. प्रत्यक्षात त्या एका न झालेल्या नोंदीमुळे पुढच्या सर्व नोंदी अडतात. पीक कर्ज, पीक विमा, शेतकरी ओळख क्रमांक, अनुदान या सर्वांच्या मुळाशी सातबारावरील नाव आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे वारसाने आलेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यावयाची असते. (२०२४ पासून तलाठी हे पद ‘ग्राम महसूल अधिकारी’ या नावाने ओळखले जाते.) अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे व पत्ते द्यावेत. ‘सर्व’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. विधवा पत्नी, आई आणि लग्न होऊन गेलेल्या मुली यांची नावे गाळू नयेत. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. बहिणीचे नाव गाळून केलेली नोंद पुढे वादाचे कारण होते. बहिणीला आपला हिस्सा सोडायचा असेल तर तिने तो स्वखुशीने व रीतसर नोंदणीकृत दस्ताने सोडावा.

पिकाची नोंद

गाव नमुना १२ हा पिकांचा पट आहे. पूर्वी तलाठी पीक पाहणी करून तो भरत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाईलवरून पिकाचे छायाचित्र घेऊन नोंद करावी, अशी पद्धत आली.

ही नोंद एका हंगामापुरती असते. खरिपात केली म्हणून रब्बीत चालत नाही. गेल्या वर्षीची या वर्षी चालत नाही. मिश्र पीक किंवा आंतरपीक असेल तर दोन्ही पिके व त्यांचे क्षेत्र लिहावे. सोयाबीनमध्ये तूर घेतली आणि नोंद फक्त सोयाबीनची केली, तर पुढे तूर विकताना कागदावर तूर सापडत नाही. बांधावरची फळझाडे, विहीर आणि कूपनलिका यांचीही नोंद तपासावी. ज्यांच्याकडे योग्य मोबाईल नाही त्यांनी गावातील सहायकाची किंवा जाणत्या मुलाची मदत घ्यावी. मात्र मुदतीचा शेवटचा दिवस गाठू नये, कारण त्या दिवशी सर्वांचीच गर्दी होते.

पीक विमा : नोंदणी नव्हे, करार

प्रधानमंत्री पीक विमा योजना खरीप २०१६ पासून आहे. विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के खरिपासाठी, १.५ टक्के रब्बीसाठी आणि ५ टक्के नगदी व फळपिकांसाठी, असा शेतकऱ्याचा हिस्सा असतो. समजा हेक्टरी संरक्षित रक्कम ५०,००० रुपये आहे, तर खरिपात २ टक्क्यांप्रमाणे १,००० रुपये हप्ता होतो. महाराष्ट्रात खरीप २०२३ पासून शेतकऱ्याला केवळ १ रुपया भरून भाग घेता येत होता. ती सोय खरीप २०२५ पासून बंद झाली आहे. त्यामुळे आता नोंदणी चुकली तर पदरचे पैसेही जातात, हे ध्यानात घ्यावे.

कर्जदार शेतकऱ्यांना पूर्वी सहभाग सक्तीचा होता. खरीप २०२० पासून तो ऐच्छिक आहे. परंतु ऐच्छिक याचा अर्थ ‘काही न केल्यास विमा होत नाही’ असा नाही. कर्जदाराने भाग घ्यायचा नसेल तर मुदतीच्या किमान सात दिवस आधी बँकेला तसे लेखी कळवावे लागते. न कळविल्यास बँक हप्ता कापून घेते. तसेच बँकेने कोणत्या पिकाचा विमा उतरविला हेही विचारावे. कर्ज घेताना कापूस लिहिला आणि पेरले सोयाबीन, असे झाले असेल तर बँकेत जाऊन मुदतीत पीक बदलून घ्यावे.

बिगर कर्जदारांनी सेवा केंद्रावर अर्ज भरताना शेजारी बसून गट क्रमांक, पीक, क्षेत्र आणि बँक खाते या चार गोष्टी वाचून पाहाव्यात. केंद्रचालकाला अर्ज भरण्याचे मानधन विमा कंपनीकडून मिळते, म्हणून हप्त्याव्यतिरिक्त अर्जाचे पैसे देण्याचे कारण नाही. विम्यातील पीक आणि ई-पीक पाहणीतील पीक एकच असले पाहिजे. या दोन पटांवर दोन वेगळी पिके असतील तर भरपाईचा दावा अडचणीत येतो.

किसान सन्मान निधी व ओळख क्रमांक

या योजनेत वर्षाला ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० च्या तीन हप्त्यांत मिळतात. येथे नाव नोंदवूनही हप्ता न येण्याची कारणे बहुधा तीन असतात. ई-केवायसी झालेली नसते, जमिनीची नोंद जोडलेली नसते किंवा बँक खाते आधारशी जोडलेले नसते. आपली स्थिती तपासताना या तिन्हींपुढे ‘होय’ आहे का, ते पाहावे.

पात्रतेचे नियमही समजून घ्यावेत. पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले जाते आणि कुटुंबात एकालाच लाभ मिळतो. १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदीने जमीन नावावर आली असेल तर लाभ मिळत नाही. त्यानंतर मृत्यूमुळे वारसाने आली असेल तर मिळू शकतो. अपात्र व्यक्तीने नाव नोंदवून घेतलेली रक्कम परत करावी लागते. म्हणजे चुकीची नोंदणी नुसती निरुपयोगी नसते, ती अंगावरही येते.

२०२५ पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे. हा क्रमांक काढताना आपले सर्व गट त्याला जोडले आहेत का, हे पाहावे. दोन गावांत जमीन असणाऱ्यांकडून एका गावचा गट राहून जाण्याचा संभव असतो.

ऊस नोंद आणि सभासदत्व

ऊस उत्पादकांना नोंदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कारखान्याच्या गट कार्यालयात लागणीची तारीख, वाण, क्षेत्र आणि प्रकार लिहिला जातो. जुलै-ऑगस्टची आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, त्यानंतरची सुरू आणि खोडवा यांची तोड वेगवेगळ्या काळात येते. लागणीची तारीख उशिराची लिहिली गेली तर तोडही मागे पडते, उसाला तुरा येतो आणि वजन घटते. म्हणून नोंदीची चिठ्ठी घेतल्याशिवाय गट कार्यालयातून निघू नये.

येथे ‘काय म्हणून?’ हा प्रश्नही विचारावा. ऊस नोंदला म्हणजे शेतकरी कारखान्याचा सभासद झाला असे नाही. सभासद होण्यासाठी भाग घ्यावा लागतो आणि अर्ज मंजूर व्हावा लागतो. सहकारी संस्थांत ‘नाममात्र सभासद’ असाही एक प्रकार असतो. त्याला मतदानाचा अधिकार नसतो. गावच्या विकास सोसायटीत आपले नाव कोणत्या प्रकारात आहे, हे सभासद नोंदवहीत पाहून घ्यावे.

हमीभाव केंद्रावरील नोंदणी

खरेदी केंद्रावर नोंदणी करणे म्हणजे माल विकणे नव्हे. तो केवळ रांगेतील क्रमांक आहे. सातबारावर त्या पिकाची नोंद हवी, संदेश आल्यावर ठरलेल्या दिवशी माल न्यावा लागतो आणि तो ठरविलेल्या प्रतीचा असावा लागतो. सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा सर्वसाधारणपणे १२ टक्के असते. नोंदणी आहे, पण माल ओला आहे, तर गाडी परत येते आणि भाड्याचा भुर्दंड बसतो. म्हणून माल वाळवून, चाळणी करून मगच न्यावा.

एका हंगामाची साखळी

समजा, एका शेतकऱ्याने दोन एकर सोयाबीन पेरले. जमीन अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. वारस नोंद नाही, म्हणून त्याच्या नावाचा ओळख क्रमांक निघाला नाही. ओळख क्रमांक नाही, म्हणून विम्याचा अर्ज राहिला. पुढे पाऊस लांबला आणि उतारा घटला, पण भरपाई नाही. जे थोडे पिकले ते हमीभावाने विकावे तर सातबारावर त्याचे नाव नाही, म्हणून माल बाजारात मिळेल त्या भावाने द्यावा लागला. त्याने मेहनत कमी केली नव्हती आणि बियाणेही चांगलेच वापरले होते. फक्त पहिली नोंद राहिली होती. नोंदी या मोटेच्या नाड्यासारख्या असतात. एका जागी तुटल्या की पाणी वर येत नाही.

घरची नोंदवही ठेवा

यावर उपाय सोपा आहे. एक शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक नोंदणीसाठी पुढील रकाने आखावेत : तारीख, कशाची नोंदणी, कोणत्या कार्यालयात, कोणाच्या नावाने, गट व क्षेत्र, पावती क्रमांक, पुढची तपासणी केव्हा आणि शेवटचा निकाल. ‘शेवटचा निकाल’ हा रकाना रिकामा असेल तोपर्यंत काम झाले असे समजू नये. पावत्या त्याच वहीत चिकटवाव्यात. ही वही घरातील बाईमाणसांना व मोठ्या मुलांनाही दाखवून ठेवावी, म्हणजे कर्त्या माणसाच्या गैरहजेरीत कोणाचे अडणार नाही.

स्वाध्याय

पुढील प्रश्नांची उत्तरे स्वतः द्यावीत आणि मग खाली ताडून पाहावीत.

१) फेर धरला आहे, पण मंजूर नाही. सातबारावर नवे नाव येईल का?

२) कर्जदार शेतकऱ्याने विम्याबाबत बँकेला काहीच कळविले नाही. हप्ता कापला जाईल का?

३) कारखान्याकडे ऊस नोंदविणारा शेतकरी वार्षिक सभेत मत देऊ शकेल का?

४) खरिपातील पीक नोंद रब्बी हरभऱ्याच्या विक्रीसाठी चालेल का?

उत्तरे : १) नाही, नोंद प्रमाणित झाल्यावरच येईल. २) होय, अधिसूचित पिकासाठी कापला जाईल. ३) केवळ ऊस नोंदविला म्हणून नाही, सभासदत्व हवे. ४) नाही, रब्बीची वेगळी नोंद हवी.

सारांश

नोंदणी म्हणजे बियाणे पेरण्यासारखे आहे. पेरले म्हणजे पीक हाती आले असे कोणी शेतकरी म्हणत नाही. तो उगवण पाहतो, नांग्या भरतो आणि राखण करतो. नाव नोंदविल्यावरही तसेच करावे. कोणत्या पटावर, काय म्हणून, कितीसाठी आणि कुठवर, हे चार प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी. येत्या आठवड्यात घरातील कागदांचे गाठोडे सोडून प्रथम सातबारावरील नावे वाचावीत. वारस नोंद राहिली असेल तर सुरुवात तेथूनच करावी.